कॅम्परचा हीटर कोमट हवा देतोय? बर्नर सगळ्यात शेवटी उघडा

स्पिती-लडाखला निघालेल्या पुण्याच्या कॅम्परवाल्यांचे मला येणारे फोन ठरलेल्या वेळी येतात, रात्री दहाच्या पुढे. गाडी हिमाचलातल्या केलाँगच्या आसपास असते, हीटर चालू असतो, पंखा फिरतोय, हवाही येतेय, पण कोमट. आणि फोन करेपर्यंत बहुतेकांनी हीटर खोलून ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी, विजेवर तापणारी कांडी) हातात घेतलेला असतो, गॅस्केट (सांधा गळू नये म्हणून लावलेलं पातळ पॅकिंग) फाडलेलं असतं. दोष मात्र निघतो बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत, नाहीतर पलंगाखाली कोंबलेल्या सामानात.

‘पुण्यात तर मस्त चालत होता’ हेही ठरलेलं वाक्य. चालणारच. पुण्यात तो सोसायटीत, चार्जर लावून, बाहेर १५-१६ अंश असताना पाच मिनिटं लावून पाहिलेला असतो. त्याला चाचणी म्हणत नाहीत.

खालचं सगळं डिझेलवर चालणाऱ्या, हवा तापवणाऱ्या हीटरबद्दल आहे. ट्रॅव्हलरसारख्या गाडीत पलंगाखाली किंवा सीटखाली बसवतात तो, २ किंवा ५ किलोवॅटचा. क्रम असा: आधी मोजमाप, मग वीज, मग हवा, मग गाडीची गळती, मग डिझेल, आणि हीटरचं पोट सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. पहिल्या तीन गोष्टींना फारसं काही खोलावं लागत नाही आणि एका सकाळीत उरकतात.

## टप्पा १: तयारी

डिसेंबर-जानेवारीतली पहाट निवडा, पाच ते सात. गाडी उघड्यावर उभी करा.

सावधान: बेसमेंट किंवा पोडियम पार्किंगमध्ये हीटर लावून बघू नका. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. गाडीत त्याचा अलार्म बसवलेला नसेल तर आज काहीच तपासू नका, आधी तो आणा.

लागणारं सामान असं. साधा मल्टिमीटर, तापकीर गल्लीत मिळतो तो पुरे. सुईचे दोन थर्मामीटर, स्वयंपाकघरात पाकाला वापरतात तसे. टॉर्च. १० मिलिची इंजेक्शनची सिरिंज. अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी. इंधनाच्या बारीक नळीला बसतील अशा चार-सहा क्लिपा, या नाना पेठेत सुट्या मिळतात. नेताना नळीचा तुकडा सोबत न्या, अंदाजाने आणलेल्या क्लिपा हमखास मोठ्या निघतात. आणि तुमच्या हीटरच्या मॉडेलचं नवं गॅस्केट. ते हातात नसेल तर शेवटच्या टप्प्यांतलं खोलण्याचं काम करायचंच नाही.

टाकीत पाव भागापेक्षा जास्त डिझेल ठेवा. हीटरने टाकी रिकामी करून तुम्हाला रानात अडकवू नये म्हणून त्याची शोषनळी बऱ्याचदा मुद्दाम तळापासून वर ठेवलेली असते. इंजिनला पुरेल इतक्या डिझेलवर हीटर हवा ओढत बसतो.

चार्जर काढून ठेवा. चार्जर लावून केलेली तपासणी चार्जरची असते, बॅटरीची नाही.

## टप्पा २: आधी आकडे, मग निदान

हात लावून ‘कोमट आहे’ म्हणणं सोडा. थंड हाताला ४० अंशही गरम लागतात.

एक थर्मामीटर हीटर जिथून खोलीची हवा ओढतो त्या जाळीपाशी ठेवा. दुसऱ्याची सुई हीटरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर डक्टला, म्हणजे गरम हवेच्या पाइपला, बारीक भोक पाडून आत घाला. नंतर भोकावर चिकटपट्टी लावून टाका. कंट्रोलर अंशांच्या मोडवर असेल तर तो हर्ट्झच्या, म्हणजे थेट ताकदीच्या मोडवर घ्या आणि पूर्ण क्षमतेवर २० मिनिटं चालवा. दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे कागदावर लिहा. लक्षात राहतील म्हणू नका, राहत नाहीत.

पूर्ण ताकदीवर २ किलोवॅटचा हीटर आत घेतलेल्या हवेला साधारण ५० ते ६० अंश चढवतो. ५ किलोवॅटचा ८०-९०च्या आसपास. आता कागद बघा:

- फरक चांगला आहे, तरी खोली गार: हीटर निर्दोष आहे. टप्पा ४ आणि ५.
- सुरुवातीला चांगला, दहा-बारा मिनिटांनी उतरतो: हवा कोंडतेय. टप्पा ४.
- पंखा रडतखडत फिरतो, किंवा सुरू होतानाच दोन-तीनदा बंद पडतो: वीज. टप्पा ३.
- पंखा जोरात, पण फरक पहिल्यापासून ३०-३५च्या वर जातच नाही: डिझेल किंवा जळण. टप्पा ३ उरकून थेट ६.

पडताळा: दुसरी सुई डक्टच्या शेवटच्या तोंडाशीही धरून बघा. हीटरपाशी ७५ आणि तोंडाशी ४५ असेल तर मधले ३० अंश तुमच्या कपाटांना ऊब देताहेत.

## टप्पा ३: वीज, आणि तीही हीटरच्या प्लगवर मोजलेली

सगळ्यात जास्त चूक इथे होते. लोक बॅटरीवर मीटर लावतात, १२.६ व्होल्ट दिसतात, ‘बॅटरी ठणठणीत’ म्हणून पुढे जातात. बॅटरीवर काय आहे याला अर्थ नाही. सुरू होताना ग्लो प्लग तापत असतो, तेव्हा हीटर ८ ते १० अ‍ॅम्पियर खेचतो. त्या दोन-तीन मिनिटांत हीटरच्या स्वतःच्या प्लगवर किती व्होल्ट पोचतात ते मोजा.

हिशेब करून दाखवतो. बॅटरी मागे, हीटर ड्रायव्हरच्या सीटखाली, अंतर पाच मीटर. म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. इलेक्ट्रिशियनने घरातल्यासारखी दीडची (दीड चौरस मिमी जाडीची) वायर टाकली असेल तर १० अ‍ॅम्पियरला १.२ व्होल्ट वाटेतच संपतात. चारची वायर असती तर अर्ध्या व्होल्टच्या आत भागलं असतं, सहाची टाकली तर ०.३. पहाटे अर्धी उतरलेली बॅटरी १२.२ वर असते, भार आला की ती आणखी बसते, त्यातून १.२ गेले. बरेच हीटर १०.५च्या आसपास हात वर करतात. आधी ग्लो प्लग नीट लाल होत नाही, मग डिझेल अर्धवट जळतं, आणि त्याची काजळी आत साठते. म्हणजे आजची बारीक वायर ही दोन महिन्यांनंतरची काजळी असते. काजळी साफ करून वायर तशीच ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

बॅटरी आणि प्लग यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर क्रमाने बघा: फ्यूजचा होल्डर (हात लावा, गरम लागला तर बदला), लगा (वायरीच्या टोकांवरच्या धातूच्या टोप्या) नीट दाबल्यात का, आणि निगेटिव्ह कुठे कसलाय. रंगावर कसलेला बोल्ट म्हणजे अर्थिंग नव्हे. निगेटिव्ह वायर थेट बॅटरीपर्यंत नेलेली उत्तम.

लिथियम बॅटरीवाल्यांसाठी एक: शून्याच्या खाली ती वीज देते, पण चार्ज करून घेत नाही, करू द्यायचीही नसते. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असेल तर ती आत, उबेत आणा.

सावधान: हीटर बंद करताना कधीही मेन स्विच पाडू नका. कंट्रोलरवरून बंद करा आणि पंखा आपणहून थांबेपर्यंत तीन-चार मिनिटं थांबा. तापलेल्या भट्टीवरची (डिझेल जळतं त्या कप्प्यावरची) हवा अचानक तोडली की आतले सेन्सर आणि प्लास्टिकची कवचं भाजतात.

## टप्पा ४: हवा

माझाच किस्सा सांगतो. केलाँगच्या पुढे जिस्पाला मुक्काम. संध्याकाळी हीटर उत्तम चालला, साडेनऊनंतर हवा कोमट. मी सराईतासारखा पान्यांचा डबा काढला. आई म्हणाली, ‘आधी मला गोधडी काढून दे, पाय गारठलेत.’ पलंगाचा कप्पा उघडला, गुडघ्यावर बसून टॉर्च मारला, तर गोधड्यांची पिशवी हीटरच्या ओढ-जाळीला अशी चिकटलेली की ओढताना ‘सप्’ आवाज झाला. पिशवी निघाली आणि पंखा मोकळा श्वास घेतल्यासारखा भरभरला. पाच मिनिटांत हवा पहिल्यासारखी. पान्यांचा डबा मी गुपचूप बंद केला.

त्यामागचं कारण साधं आहे. हवा कमी मिळाली की हीटर जास्त तापतो, आणि स्वतःला वाचवायला ज्वाला कमी करतो. तुम्हाला वाटतं त्याच्यात दम नाही. खरं तर त्याचा दम कोंडलेला असतो. तपासायची ठिकाणं:

ओढ-जाळी. तिच्यासमोर एक वीत मोकळी जागा हवी. सामान सरकून येतं, म्हणून तिथे लाकडाची आडवी पट्टी ठोकून घ्या.

डक्टचा व्यास. हीटरच्या तोंडाला ९० किंवा ७५ मिमी असेल आणि ‘तोच मिळाला’ म्हणून पुढे ६०चा पाइप जोडलेला असेल, तर बाकी काही तपासू नका, तो आधी बदला. काटकोनातली वळणं मोजा. दोनच्या वर असतील तर मार्ग बदलता येतो का बघा. आणि सगळी तोंडं बंद होणारी नकोत. एक तोंड कायम उघडं राहणारं पाहिजे, नाहीतर रात्री कुणीतरी ‘फार गरम होतंय’ म्हणून दोन्ही झाकणं लावतो आणि हीटर गुदमरतो.

सुताराची करामत. डक्ट आधी टाकतात, प्लायवूडची कपाटं नंतर बसतात. कपाट बसवताना डक्ट चेपलेला असतो, कधी स्क्रू आरपार गेलेला असतो. दिसत नाही म्हणून हात घालून पूर्ण लांबी चाचपा. सुताराचं दुसरं दान म्हणजे भुसा. गाडी बनताना हीटर चालवलेला असेल तर भुसा आत ओढला जाऊन पंख्याच्या पात्यांवर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फिन्समध्ये थापला जातो. बाहेरचं कवच काढून ब्रशने तो झाडता येतो. इथे भट्टीला हात लावायची गरज नाही.

आणि एक फसवा दोष. कित्येक हीटर खोलीचं तापमान स्वतः ओढलेल्या हवेवरून ठरवतात. पलंगाखालच्या डक्टचा जोड सुटला असेल तर गरम हवा तिथेच गळते आणि हीटर तीच परत ओढतो. त्याला वाटतं खोली २५ अंशांवर गेली. तो ज्वाला कमी करतो, वर तुम्ही कुडकुडताय. ज्यांचा सेन्सर कंट्रोलरच्या डबीत असतो त्यांचं दुसरं दुखणं: डबी गरम तोंडाच्या बरोबर वर बसवलेली. म्हणूनच टप्पा २ हर्ट्झवर करायला सांगितला. हर्ट्झवर गरम आणि अंशांवर कोमट, तर दोष सेन्सरच्या जागेत आहे.

पडताळा: कपाटाचं दार बंद करून अर्ध्या तासाने आत हात घाला. कपाट खोलीपेक्षा गरम असेल तर जोड सुटलाय.

## टप्पा ५: गाडी किती गळते

ट्रॅव्हलरच्या खिडक्या आणि पुढची काच मिळून पाच चौरस मीटर काच धरू. एकेरी काचेतून आत-बाहेर २५ अंशांचा फरक असताना जवळपास ७०० वॉट निघून जातात. २ किलोवॅटच्या हीटरचा तिसरा हिस्सा नुसत्या काचांनी खाल्ला, पत्रा आणि जमीन अजून बाकीच आहेत.

ड्रायव्हर केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये जाड पडदा लावा, छतापासून जमिनीपर्यंत. काचांना चंदेरी फोमचे कापून घेतलेले तुकडे. छताच्या पंख्याला आतून उशी. मात्र एक फट उघडीच ठेवा, विशेषतः आत गॅसवर चहा-खिचडी करत असाल तर. सगळं बंद करून झोपणं हा उपाय नव्हे.

## टप्पा ६: डिझेल

पहिला प्रश्न: टाकीतलं डिझेल कुठलं? थंडीने घट्ट होऊन डिझेल ज्या तापमानाला फिल्टर तुंबवतं, त्याची भारतीय मानकातली कमाल मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आणि हिवाळीला ६ अंश आहे. म्हणजे हडपसरला टाकी भरून निघालात आणि तेच डिझेल घेऊन बर्फात पोचलात, तर मेण धरून नळी अडणं यात नवल काहीच नाही. वाटेत टाकीतलं डिझेल संपवत न्या आणि डोंगरात शिरताना तिकडचं डिझेल भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं आहे.

दुसरं, बुडबुडे. हीटर चालू असताना पारदर्शक नळीवर टॉर्च धरा. एखादा बारीक बुडबुडा चालतो. मण्यांची माळ सरकताना दिसली तर कुठला तरी जोड हवा ओढतोय. क्लिपा बदला. नळीची दोन तोंडं एकमेकांना भिडलेली हवीत, मध्ये फट राहिली की तिथे हवा साठते. इंजिनला लागतो तसला जाडा पाइप इथे वापरू नका. बारीक पोटाचीच नळी हवी, जाड्यात बुडबुडे अडून बसतात.

तिसरं, टिक-टिक करत हीटरला डिझेल पुरवणारा पंप. तो आडवा पडलेला नको. बाहेर जाणारं तोंड वर, किमान १५ अंश तिरका. उभा असला तर आणखी बरं. आडव्या पंपातून हवा निघत नाही.

चौथं, मोजमाप. पंपाची बाहेरची नळी काढून सिरिंजमध्ये सोडा आणि कंट्रोलरच्या इंधन भरण्याच्या मोडवर बरोबर २०० टिका मोजा. पंपावर २२ मिलि छापलं असेल तर हजार टिकांना २२, म्हणजे दोनशेला ४.४ मिलि यायला हवं. साडेतीनच आलं तर आधी टाकीकडचा बारीक फिल्टर बदला, मग पुन्हा मोजा, तरीही कमी आलं तर पंप.

सावधान: ही चाचणी नळी हीटरला जोडलेली असताना करू नका. २०० टिकांचं डिझेल भट्टीत साचतं आणि पुढच्या वेळी पांढऱ्या धुराचा लोट निघतो, कधी ज्वाळाही.

## टप्पा ७: उंचीवर डिझेल कमी करायचं, वाढवायचं नाही

पुणे ५६० मीटरवर, लेह ३५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब पुण्याच्या जेमतेम ७० टक्के. पंप मात्र प्रत्येक टिकेला तेवढंच डिझेल टाकतो. ऑक्सिजन कमी, डिझेल तेवढंच. म्हणजे काळा धूर, काजळी आणि कमी उष्णता. थंडी वाजते म्हणून लोक हर्ट्झ वाढवतात, आणि दोन रात्रींत भट्टी बुजते. हीटरला उंचीचा मोड असेल तर चालू करा. नसेल आणि कंट्रोलरमध्ये पंपाचा वेग स्वतंत्र बदलता येत असेल, तर धूर दिसेनासा होईपर्यंत तो थोडा-थोडा उतरवा. ज्वाला लहान होईल, पण सकाळपर्यंत टिकेल.

हीटर रात्रभर अगदी मंद चालला असेल तर सकाळी बंद करण्याआधी १०-१५ मिनिटं पूर्ण ताकदीवर चालवा. मंद आचेवर काजळी लवकर धरते.

## टप्पा ८: बाहेरची दोन तोंडं, आणि मग पोट

खोलण्याआधी गाडीखाली वाका. हीटरचा एक्झॉस्ट आणि जळणासाठी हवा ओढणारा पाइप दोन्ही बघा. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीत कुंभारीण माशीने त्यात मातीचं घर केलेलं असतं. मुळशीच्या रस्त्याने फिरून आलेल्या गाडीत नुसता चिखल. एक्झॉस्ट शेवटपर्यंत उतरता असावा, मध्ये झोळ असेल तर तिथे पाणी साचून गोठतं. त्याचं तोंड पुढच्या दिशेला नको आणि हवा ओढणाऱ्या पाइपच्या शेजारी तर नकोच.

इथवर सगळं निर्दोष निघालं तरच पाना उचला. हीटर पूर्ण थंड, फ्यूज काढलेला. ग्लो प्लग काढून त्याच्याभोवतीची बारीक जाळी उजेडाकडे धरा. आरपार दिसत नसेल तर बदला, खरवडत बसू नका. भट्टीतली काजळी प्लास्टिकच्या पट्टीने काढा, पोलादी ब्रशने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पाडू नका. गॅस्केट नवं, दर वेळी. एका गॅरेजने माझं जुनंच सिलिकॉन लावून बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी अलार्म वाजला म्हणून कळलं.

पडताळा: बसवल्यावर पहिला अर्धा तास गाडीची दारं उघडी, अलार्म चालू, आत कुणी नाही.

## टप्पा ९: गाडी चालतानाही केबिन गार असेल तर

हे वेगळं दुखणं आहे, डिझेल हीटरशी त्याचा संबंध नाही. केबिनची ऊब इंजिनच्या कूलंटमधून, म्हणजे त्याला गार ठेवणाऱ्या पाण्यातून येते. आपल्याकडे इंजिन एकदा जास्त तापलं की मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) काढून टाकतो आणि ‘आता टेन्शन नाही’ म्हणतो. पुण्यात खरंच नसतं. बर्फात मात्र इंजिनच तापत नाही, काटा खालीच लोळतो. अर्धा तास चालवूनही काटा मधोमध येत नसेल तर थर्मोस्टॅट बसवून घ्या. काटा बरोबर असेल तर हीटरकडे जाणारे दोन्ही रबरी पाइप चाचपा: एक गरम, एक गार म्हणजे कॉक अडकलाय किंवा आत हवा धरलीय. वर्षानुवर्षं न वापरलेला कॉक जाम होतोच.

## टप्पा १०: महाबळेश्वरची रात्र

दुरुस्तीनंतर थेट मनाली गाठू नका. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा लेकच्या बाजूला पहाटे दव गोठतं, आणि पुण्याहून ते १२० किलोमीटरवर आहे. एक रात्र तिथे, चार्जरशिवाय, सगळं सामान आणि सगळी माणसं गाडीत घेऊन काढा. सामान भरलेलं असणं महत्त्वाचं, कारण गोधड्यांची पिशवी कुठे सरकते ते तेव्हाच कळतं. रात्री दहा, दोन आणि सहाला तीन आकडे लिहा: आतलं तापमान, हीटरच्या तोंडाचं तापमान, प्लगवरचे व्होल्ट. हा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. केलाँगला रात्री दहाला फोन लावाल तेव्हा मी पहिल्यांदा हेच तीन आकडे विचारणार आहे.